हिराचा आंबा

हिरा, तुझं बारावं-तेरावं उरकून काल आम्ही गावाहून महाडला आलो. आल्या आल्या तुझा दादा न जेवता आडवा झाला आणि मी गिरणी उघडली. दळणं घेऊन आलेल्या बाया म्हणाल्या, अहो वहिनी, चार दिवस तरी थांबायचं. थांबून काय करू? घरात बसलं की वाटतं तू आता दारातून आत येशील, चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करून. गिरणीत निदान पट्ट्याचा आवाज असतो. रडलं तरी पीठ डोळ्यात गेलं म्हणता येतं.

रविवारच्या मंडळींनी निरोप पाठवलाय, नणंदेबद्दल दोन शब्द लिहून आणा, सगळे जमू तेव्हा वाचू. मी कागद घेऊन बसले. 'हिराबाई मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या' असं एक वाक्य लिहिलं आणि मलाच हसू आलं. तू कसली मनमिळाऊ गं? तू पक्की भांडकुदळ, आणि मी तुझ्याहून वर, म्हणून तर आपलं जमलं. तेव्हा ते वाक्य खोडलं आणि ठरवलं, हे मंडळींना नाही, तुलाच लिहायचं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. कुठलं ते तुला सांगायला नको.

भाऊजी गेले आणि तू मुंबईची खोली सोडून आमच्याकडे राहायला आलीस, तेव्हा हायवेचं रुंदीकरण नुकतंच झालं होतं. रस्त्याकडेचे जुने वड एकेक करून गेले होते. महाड म्हणजे चारी बाजूंनी डोंगर आणि मधे तापलेला तवा, त्यात ती सावली गेल्यावर तर बाजारात दुपारचं पाऊल ठेववेना. मग आमची मंडळी जमली. मी, नात्याचा सुभाष त्याचा टेम्पो घेऊन, दोन शिक्षक, मेडिकलवाल्या बाई. दर रविवारी सकाळी खड्डे खणायचे, रोपं लावायची, पिंजरे बसवायचे आणि उन्हाळाभर पाणी घालायचं. तू ओट्यावर बसून बघायचीस आणि तोंडाला पदर लावून हसायचीस.

"झाडं लावायला पण मंडळ लागतं काय गो वैनी? आमच्याकडं झाडं आपली आपन येतात."

"तुमच्याकडे येतात तशी तुमच्याकडे तोडतातही," मी म्हटलं.

 पुढच्या रविवारी तू माझ्या आधी उठून, साडीचा काष्टा मारून, टेम्पोत जाऊन बसली होतीस. सुभाष म्हणाला, "आत्या, तुम्ही कुठं?" तर म्हणालीस, "ह्या बायला फावडं धरता येत नाय, बघवत नाय मला." तेव्हापासून तू आमची.

तुझ्या त्या पहिल्या चैत्रात काय झालं ते मंडळी अजून सांगतात. सावित्री नदीच्या काठाने करंज आणि जांभूळ लावून आम्हाला वर्ष होत आलं होतं. रोपं कमरेएवढी झाली होती आणि मी त्यांच्यावर फुशारून होते. एक दिवस दुपारी तू कुणाला न सांगता गेलीस, काठावरचा सगळा पाचोळा ओढून काढलास, प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी पसरलास, वर सुकं शेण टाकलंस आणि दिली काडी लावून. गावाला पेरणीआधी भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात ना, राब करतात, तसा तू माझ्या झाडांना राब केलास. धूर बघून मी गिरणीतून धावत आले तर तू हातात ओली फांदी घेऊन, मोठ्या समाधानाने जाळ पुढे सरकवत होतीस.

"अगं बाई, काय केलंस हे?"

"भाजल्याबिगर जमीन हुशारते काय? आता बघ कशी वर उठतील."

करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी सगळी ओळ करपून काळी. मी तुला भर काठावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर काय काय बोलले. अडाणी म्हटलं, जंगली म्हटलं. एरवी एकाला दोन शब्द परत करणारी तू, तिथेच धुळीत बसलीस आणि रोपाच्या काळ्या काडीवरून बोट फिरवत राहिलीस. भाताचं रोप राखेवर तरारून येतं, मग हे का नाही, हे तुला खरंच कळत नव्हतं. त्यानंतर महिनाभर तू रोज सकाळ-संध्याकाळ तिथे घागर घेऊन गेलीस. मेलेल्यांना पाणी घालतेस, मी म्हणायचे. जांभळं गेली ती गेलीच. पण एक दिवस तू गिरणीत आलीस, माझा पिठाचा हात तसाच धरलास आणि दळणाला आलेल्या बाया बघत असताना मला ओढत नदीवर नेलंस. करंजाच्या बुडातून तांबूस कोंब आले होते. "फुटला गो वैनी," म्हणालीस आणि रडलीस. मीही रडले. तेव्हा मी माफी मागितली नव्हती, पण तुला ती पोचली असं मला वाटतं.

आज तिथे करंजाची सावली पडते. रिक्षावाले तिच्यात रिक्षा लावतात. कुणी बुंध्यावर पान खाऊन थुंकलं की तू पदर खोचून त्याच्या अंगावर जायचीस. नंतर नंतर ते तुला बघितलं की आधीच तोंड पुसायचे. काल मी बाजारातून आले तेव्हा त्यातल्या एकाने नुसती मान खाली घातली. मला त्याचं फार बरं वाटलं.

आता त्या भांडणाकडे येते.

तू जन्मलीस तेव्हा मामंजींनी गावाला बांधावर एक रायवळ आंब्याची कोय लावली होती. त्या झाडाला गाव हिराचा आंबा म्हणतं. पुढे त्या बांधाखालून रस्ता गेला आणि आंबा एसटीचा थांबाच होऊन बसला. पोलादपूरहून येणारा कंडक्टरसुद्धा 'हिराचा आंबा, उतरा' म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता. आमच्या माहेरी माझ्या नावाचा साधा उंबरठा नाही.

पण गावची रीत अशी, की माणूस गेलं की पुरुषमंडळी करवत घेऊन निघतात आणि त्याच्या बांधावरचा आंबा तोडतात. सरणाला दुसरं लाकूड चालत नाही असं नाही, पण आपल्या माणसाला आपल्या झाडाचं लाकूड द्यायचं. मामंजींना त्यांच्या झाडाचं दिलं, सासूबाईंना त्यांच्या. मला ते पटायचं नाही. एक माणूस जातं ते जातं, वर पन्नास वर्षांचं झाड जातं. म्हणून आमची मंडळी गावाला रस्त्याकडेला झाडं लावायला आली तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहून बोलले. मेलेल्याला लाकूड कुठलंही चालतं, म्हटलं, सावली मात्र जिवंत माणसाला लागते. थांब्याचा हा आंबा बघा, म्हटलं, हा तोडाल तर उद्या म्हाताऱ्या माणसांनी एसटीची वाट कुठे बघायची? लोकांनी माना डोलावल्या. टाळ्याही वाजवल्या. मला वाटलं, जिंकलं.

परतीच्या एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. पोलादपूर येऊ दिलंस. मग म्हणालीस, "माज्या आंब्याकडं बोट करून बोललीस तू."

"उदाहरण दिलं गं."

"उदारन द्यायला माजंच मरन बरं सापडलं तुला."

तिथून ते भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. रोपांना पाणी घालताना, भाकऱ्या थापताना, शिवथरला घळ बघायला गेलो तेव्हा धबधब्याच्या आवाजातसुद्धा तू ओरडून तेच. मी म्हणायचे, अगं, शहरभर झाडं लावत फिरतेस आणि स्वतःसाठी एवढं मोठं झाड पाडायला सांगतेस, लाज नाही वाटत? तू म्हणायचीस, "लावलीत ना इतकी? त्यातलं येक माजं." मी म्हणायचे, झाड हे कुणाच्या मालकीचं नसतं. तू म्हणायचीस, "मालकीचं नाय गो. नात्याचं असतं." यावर मी नुसता आवाज चढवायचे.

मग एकदा, नदीकाठी करंजाखालचं गवत काढत असताना, मी काही विचारलेलं नसताना तू भाऊजींचं सांगितलंस. मुंबईला त्यांना विजेच्या दाहिनीत नेलं. तू हट्टाने मागोमाग गेलीस. "आत सरकवलं, दार पडलं नि झालं," म्हणालीस. "मी म्हटलं, अजून कधी पेटवनार? तर मानूस म्हनाला, बाई, झालं, उद्या या. धूर नाय, उजेड नाय. वैनी, मला कळलंच नाय तो कवा गेला." खुरपं तसंच हातात धरून तू बोलत होतीस. "मला तसं जायचं नाय. बाबानं लावलेल्या आंब्यासंगं जायचं. येवढंच."

 मी गवत काढत राहिले. त्या दिवसापासून मी तुझ्याशी त्या विषयावर वाद घातला नाही, पण हो असंही म्हटलं नाही. हो म्हटलं की तू मरणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तू तर माझ्याहून लहान.

तुझं पोट दुखायला लागलं ते तू ओव्यावर आणि हिंगावर दिवस ढकलत आम्हाला सांगितलं नाहीस. याचा मला अजून राग आहे आणि तो जाणार नाही. दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टर आमच्याकडे नीट बघत नव्हते. पंख्याखाली एवढीशी दिसायला लागलीस तू. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मी चमच्याने पेज भरवत होते, तर तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "वैनी, आंबा." मी म्हटलं, "गप गं, तुला काही होत नाही. हे एवढं घे." तू माझ्याकडे बघत राहिलीस. पेज घेतलीस मुकाट्याने. तू इतक्या मुकाट्याने कधी काही घेतलं नव्हतंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तुझ्या इच्छेप्रमाणे तुला गावाला नेलं. एसटीच्या थांब्याशी गाडी वळली तेव्हा मी मान वर करून आंब्याकडे बघितलं. झाडावर अजून आंबे होते, खाली पडलेल्यांवर माश्या घोंगावत होत्या. मनात म्हटलं, आता काय ते मलाच बोलावं लागणार.

घरापुढच्या खळ्यात तिरडी बांधली, तुला वर निजवलं. पुरुषमंडळी एका बाजूला गोळा झाली होती आणि कुणीच करवत आणायला उठत नव्हतं. सगळे चोरून माझ्याकडे बघत होते. तुझा दादा माझ्याजवळ आला, डोळे लाल, आणि हळूच म्हणाला, "काय करायचं? तू सांग." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला असं विचारलं, तेही अशा वेळी. मी बाईमाणूस, गावची सून, मोठ्यांसमोर डोक्यावर पदर. पण मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हिराला तिचा आंबा द्या. तोडा."

कुणी हललं नाही. धोंडूतात्या, भावकीतले सगळ्यात वडील, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते म्हणाले, "नाय सूनबाय. तो आता नाय तोडायचा."

"तात्या, तिची इच्छा होती."

"असंल. पन तूच सांगितलंस ना, मेलेल्याला लाकूड कंचंबी चालतं. सावली जित्या मानसाला लागते." माझं वाक्य त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. "तवापासनं गावात तीन मयती झाल्या, आमी येक आंबा पाडला नाय. माजी म्हातारी गेली, तिचाबी नाय पाडला. आता तुज्या घरातलं मानूस गेलं म्हनून पाडू?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ.  त्यांचं खरं होतं, आणि ते माझंच होतं. त्यांनी स्वतःच्या बायकोच्या वेळी माझा शब्द पाळला होता आणि मला ते कुणी कळवलंही नव्हतं. हिरा, मी हात जोडले त्यांच्यासमोर. मी, जी शाळेच्या पोराने पान ओरबाडलं तरी त्याच्या आईपर्यंत जाते, ती मी भर खळ्यात झाड तोडा म्हणून विनवत होते. तात्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "फांदी आनतो येक. सुकलेली हाय वरती. येवढं तिला देऊ." आणि त्यांच्या धाकट्या भावाने चढून ती काढून आणली. हाताएवढी होती, फार तर.

बाकीचं लाकूड कुठून आणायचं हे मग कुणाला सांगावं लागलं नाही. पावसाळा तोंडावर होता, प्रत्येकाच्या पडवीत चार महिन्यांच्या चुलीची बेगमी रचलेली होती. एकेका घरातून एकेक मोळी यायला लागली. बाया स्वतः डोक्यावरून आणत होत्या. ऐन, किंजळ, जांभूळ, कुणाकडची कशी. ज्या घराशी तू गाईवरून भांडून बोलणं टाकलं होतंस, त्या घरातून दोन आल्या. हे सगळं तुझ्यासाठी होतं आणि तू तिथे निजलेली, तुला दाखवावं तर कसं.

आम्हा बायकांना पुढे नेलं नाही. ओढ्यापलीकडून धूर वर येताना मी खळ्यातून बघितला. बराच वेळ येत होता. तुला हवा होता तसा धूर होता, हिरा, उजेडही होता, नुसतं झाड तुझं नव्हतं. ती एक फांदी दादाने तुझ्या छातीवर ठेवली असं त्याने मला नंतर सांगितलं.

काल निघताना आम्ही त्याच आंब्याखाली एसटीची वाट बघत उभे होतो. दोन म्हाताऱ्या आधीच येऊन सावलीला बसल्या होत्या. त्यातली एक सरकून मला जागा देत म्हणाली, "सूनबाय, बरं केलंस, झाड राखलंस." दुसरी म्हणाली, "दुसरी कुनी असती तर नणंदेसाठी पाडलाच असता." तुझ्या दादाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच रस्त्याकडे बघितलं. मी तिथे बसले नाही. एसटी येईपर्यंत उन्हात उभी राहिले.

महाडला येऊन बघते तर इथेही तीच बातमी पोचलेली. सुभाष गिरणीत येऊन म्हणाला, "काकू, तुम्ही धन्य आहात, स्वतःच्या घरातसुद्धा तत्त्व सोडलं नाहीत." मेडिकलवाल्या बाई म्हणाल्या, हे रविवारी सगळ्यांना सांगायलाच हवं. रविवारी ते सांगतील, लोक माना डोलावतील. तात्यांनी आणि त्या माणसांनी जे केलं ते माझ्या नावावर लागेल. मी उठून खरं काय ते सांगेन, पण कुणाला ते विनय वाटेल, कुणाला दुःखात डोकं फिरलंय वाटेल.

त्यांना काय वाटायचं ते वाटो. मला तुझं पडलंय. तू गेलीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. ही बाई शेवटपर्यंत हो म्हणाली नाही, असंच घेऊन तू गेलीस. मी तुझं मनगट धरायचं सोडून चमचा पुढे केला, तेवढ्यात तुझी वेळ संपली. झाड राहिलं याचं मला वाईट वाटत नाही, हे खरं सांगते. तात्यांनी बरोबर केलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली उभं राहणाऱ्या माणसासाठी ते बरंच आहे. पण ते तुझं होतं आणि तू ते मागितलं होतंस, आणि द्यायचं तर ते मीच द्यायचं होतं.

मी 'तोडा' म्हटलं होतं, हिरा. मोठ्याने, सगळ्या गावादेखत म्हटलं होतं. सगळ्यांनी ऐकलं, आणि ज्या एकीने ऐकायला हवं होतं ती तिरडीवर निजली होती.